सरकारचें उघडें दप्तर : तें पाहावें कसें व त्यांतून काय घ्यावें

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक बाई आपल्या मुलास घेऊन आल्या. माहेर आमच्याच तालुक्यांतलें, सासर दोन तालुके पलीकडचें. वडील उन्हाळ्यांत वारले. आई पूर्वींच गेलेली. बाईंनीं पिशवींतून माहेरच्या गटाचा सातबारा काढून आमच्यापुढें ठेवला. त्यावर तिघां भावांचीं नांवें होतीं, बहिणीचें नव्हतें. "भाऊ, मी त्यांची लेक नव्हे काय? माझें नांव गेलें कोठें?" एवढेंच त्या बोलल्या.

आम्हीं प्रथम त्या फेरफाराची प्रत काढली. वारसाच्या अर्जांत तीनच वारस लिहिलेले होते. नोंद धरली गेली, नोटीस लागली, मुदत सरली, हरकत आली नाहीं, आणि मंडळ अधिकाऱ्यांनीं नोंद प्रमाणित केली. प्रमाणित झाल्यास त्या दिवशीं ४८ दिवस झाले होते. अशा नोंदीवर प्रांताकडे अपील करण्याची मुदत ६० दिवसांची. म्हणजे हातांत १२ दिवस उरले होते.

बाईंच्या मुलाच्या खिशांत मोबाईल होता. त्यांत पावसाचे अंदाज होते, कांद्याचे भाव होते, भाऊबंदांच्या लग्नपत्रिका होत्या. मामाच्या गांवीं लागलेली नोटीसही त्याच मोबाईलांत दिसत होती. परंतु ती तेथें असते ही गोष्टच घरांत कोणास ठाऊक नव्हती. ही एका घरची कथा नव्हे. सरकारनें गेल्या कांहीं वर्षांत आपलें बरेंचसें दप्तर लोकांसाठीं उघडें केलें आहे, आणि आमच्या पाहण्यांत तें उघडून पाहणारे शेतकरी फार थोडे. आम्ही मराठी शाळेंत शिकलेले, तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेले. संगणकाचें शास्त्र आम्हांस येत नाहीं. परंतु त्या पडद्यामागें जें दप्तर आहे तें आमच्या हाताखालून गेलेलें आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचें धाडस करितों.

हें दप्तर मुळांत रयतेसाठीं झालें नव्हतें, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. इ. स. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट ह्या साहेबांनीं जी मोजणी व आकारणी सुरू केली, ती सारा नीट बसावा व नीट वसूल व्हावा म्हणून. पुढें १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणी आली, तेव्हां जमीन कोणाची हें लिहून ठेवण्यास आरंभ झाला. तरी कागद राहिला सरकारचाच. रुमालांत बांधलेलें दप्तर सोडवावें कोणासाठीं व कोणासाठीं नाहीं, हें दप्तर सांभाळणाऱ्याच्या मर्जीवर असे. नकलेस अर्ज करावा, फी भरावी, चार खेपा घालाव्या, आणि शेवटीं मिळालेलें अक्षर वाचण्यास पुन्हा कोणा जाणत्यास गांठावें, अशी रीत होती. आम्हीही त्या रीतींतलेच एक होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

ह्या रीतीस कायद्यानें धक्का दिला तो २००५ सालीं. त्या वर्षींच्या माहिती अधिकाराच्या कायद्याची ख्याति अशी कीं, अर्ज केला म्हणजे तीस दिवसांत माहिती मिळते. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमांत त्याहून मोठी गोष्ट आहे. लोकांस मागण्याची पाळीच येऊं नये, अशा बेतानें सरकारी कचेऱ्यांनीं होऊन माहिती प्रसिद्ध करीत राहावें, असें तें कलम सांगतें. पुढें २०१२ सालीं केंद्र सरकारनें माहिती वाटून देण्याचें राष्ट्रीय धोरण काढलें. लोकांच्या पैशांतून गोळा झालेली आणि गुप्त राखण्याजोगी नसलेली माहिती लोकांच्या उपयोगीं पडावी, असा त्याचा आशय. माहितीचे तीन प्रकार त्यांत केले आहेत: कोणासही खुली, नांव नोंदविणारासच खुली, आणि परवानगीवांचून न मिळणारी. पहिल्या प्रकारच्या माहितीसाठीं त्याच वर्षीं 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' हें संकेतस्थळ निघालें. निरनिराळ्या खात्यांचीं कोष्टकें तेथें एके ठिकाणीं ठेवलेलीं असतात.

'उघडी माहिती' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, व त्यांची गल्लत होते. एक माहिती पाहण्यापुरती उघडी: सातबारा पडद्यावर दिसतो, आपण पाहतों, झालें. दुसरी घेऊन जाण्यास उघडी: सबंध कोष्टक उतरवून घ्यावें, त्यावर आपला हिशेब करावा, हवें तर छापून चार जणांस वाटावें. ह्या दुसऱ्या प्रकारासाठीं २०१७ सालीं केंद्र सरकारनें परवान्याच्या अटी जाहीर केल्या आहेत. माहिती कोठून घेतली तें नमूद करावें, म्हणजे ती वापरण्यास, आपल्या सोयीनें मांडण्यास, तींतून धंदा करण्यासही मोकळीक आहे. जमिनीचें दप्तर बहुतांशीं पहिल्या प्रकारांत येतें, बाजारभाव दुसऱ्या प्रकारांत. शेतकऱ्यास दोन्ही लागतात.

जमिनीचें आधीं घेऊं. 'महाभूलेख' ह्या संकेतस्थळावर विभाग निवडावा. पुणें, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोंकण, अमरावती व नागपूर असे सहा विभाग आहेत. मग जिल्हा, तालुका, गांव. मग गट नंबर किंवा नांव. सातबारा व आठ-अ फुकट दिसतो, पण तो माहितीपुरता. कचेरींत अगर बँकेंत देण्यासाठीं डिजिटल सहीचा उतारा काढावा लागतो. ही सोय १ मे २०१८ पासून झाली असून एका उताऱ्यास १५ रुपये पडतात. त्यावर तलाठ्याची शाईची सही लागत नाहीं. अजूनही कित्येक जण असा उतारा घेऊन तलाठ्याकडे शिक्क्यासाठीं जातात, ती खेप व्यर्थ होय. (तलाठी ह्या पदाचें नांव आतां ग्राम महसूल अधिकारी असें झालें आहे, सवयीनें आम्ही जुनाच शब्द वापरतों.)

ह्याहून महत्त्वाचें, पण कमी ठाऊक असलेलें पान म्हणजे 'आपली चावडी'. तेथें जिल्हा, तालुका व गांव निवडलें म्हणजे त्या गांवीं चाललेल्या फेरफारांची यादी येते: फेरफाराचा क्रमांक, प्रकार, तारीख, गट नंबर, आणि हरकत घेण्याची शेवटची तारीख. ही शेवटची तारीख हेंच त्या पानाचें सार होय.

कां, तें सांगतों. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याचें १५० वें कलम असें आहे कीं, तलाठ्यानें फेरफाराची नोंद धरली कीं त्याच वेळीं तिची पूर्ण प्रत चावडींत ठळक जागीं लावावी; आणि दप्तरावरून ज्यांचा संबंध दिसतो त्यांस, तसेंच ज्यांचा संबंध असावा असें तलाठ्यास वाटतें त्यांस, लेखी कळवावें. मुदत पंधरा दिवसांची. आतां आमच्या त्या बाईंचें पाहा. त्यांचें नांव दप्तरांत कधींच नव्हतें. अर्जांत भावांनीं घातलें नाहीं. मग लेखी नोटीस त्यांच्या सासरीं जाणार कशी? त्यांच्यासाठीं एकच नोटीस होती, ती चावडीवरची, आणि ती दोन तालुके दूर. जुन्या काळीं ती भिंतीवर लागे. पावसानें खळ सुटे, कागद वाऱ्यावर जाई. एकदां तर भिंतीवरची नोटीस शेळीनें खाल्लेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. तीच नोटीस आतां मुंबईस गिरणगांवांत बसून, सुरतेस बसून, परमुलखांत बसूनही वाचतां येते. सासरीं गेलेल्या लेकी, पोटासाठीं शहरांत गेलेले धाकटे भाऊ, ह्यांच्याइतका ह्या पानाचा उपयोग दुसऱ्या कोणास नाहीं; आणि त्यांसच तें कोणी सांगत नाहीं. गांवांत राहून जमीन कसणाऱ्या भावास तें सांगण्याची घाई कां नसते, हें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

हरकत घ्यावयाची ती तोंडी किंवा लेखी तलाठ्याकडे घेतां येते. आम्ही लेखीच घ्या म्हणूं. हरकतीची पोंच तलाठ्यानें लगेच लेखी दिली पाहिजे, असें त्याच कलमांत आहे. ती घेतल्याशिवाय उठूं नये. हरकत आली कीं नोंद तक्रारीच्या नोंदवहींत जाते, मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतात, मगच निकाल होतो. हरकत न आल्यास नोंद सरळ प्रमाणित होते. आणि प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असें १५७ वें कलम सांगतें. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीं जें एका अर्जानें थांबलें असतें, त्यासाठीं पुढें आपणांसच सिद्ध करीत बसावें लागतें. वकिलाची फी आणि गाडीभाडें निराळें.

येथें आमची स्वतःचीच एक चूक सांगणें प्राप्त आहे. कारण पडद्यावर दिसतें तें बरोबरच, असा एक नवा भोळेपणा वाढीस लागला आहे. हस्तलिखित सातबारे संगणकांत भरण्याचें काम चाललें असतां ताडून पाहणारांत आम्हीही होतों. एका शेतकऱ्याचें क्षेत्र १ हेक्टर २१ आर. भरतांना तें १ हेक्टर १२ आर असें पडलें. आणि दिवसभर आंकडे वाचून डोळे शिणलेले असल्यामुळें आम्हीं त्यावर बरोबर म्हणून खूण केली. पुढें २०१७ सालीं चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकांतले सातबारे गांवांत मोठ्यानें वाचून दाखवावयाचे, अशी ती योजना. त्या म्हाताऱ्या गृहस्थास अक्षरओळख नव्हती. हेक्टर-आराची भाषाही त्याची नव्हे. नातवानें हिशेब करून कानांत सांगितलें, तसा तो उठून उभा राहिला व म्हणाला, "रावसाहेब, आमचं रान तीन एकर. हे पावणेतीन कुणी केलं?" तें आम्हींच केलें होतें. जवळजवळ नऊ गुंठे जमीन आमच्या एका खुणेनें कागदावरून उडाली होती. त्याच दिवशीं कच्ची टिपणी करून घेतली व पुढें दुरुस्ती झाली; परंतु तो म्हातारा त्या दिवशीं बाजारास गेला असता तर काय झालें असतें, हा विचार आम्हांस अजून सोडीत नाहीं.

संगणक नवें कांहीं लिहीत नाहीं. लिहिलेलें दूरवर दाखवितो. म्हणून जुना हस्तलिखित उतारा ज्याच्या घरीं असेल त्यानें तो फाडूं नये. तो व पडद्यावरचा उतारा शेजारीं ठेवून चार गोष्टी ताडाव्या: नांवांचें अक्षर, क्षेत्र, आकार, आणि इतर हक्कांचा रकाना. ह्या शेवटल्या रकान्याकडे लोक पाहत नाहींत. फेडलेल्या सोसायटीचा बोजा तेथें वर्षानुवर्षें बसून असतो, आणि जमीन गहाण टाकण्याची वेळ आली म्हणजे मग धांवाधांव होते. लिहिण्यांतली चूक असेल तर १५५ व्या कलमाखालीं तहसीलदाराकडे अर्ज करावा. मात्र हक्काचा वाद ह्या कलमांत बसत नाहीं. तसा अर्ज केल्यास तो परत येतो व दिवस फुकट जातात.

बाराव्या नमुन्यांतील पिकांची गोष्ट थोडी निराळी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलनें पिकाचा फोटो काढावा व नोंद करावी. येथें लिहिणारा हात आपलाच. नोंद चुकली अगर राहिली तर तलाठ्यास बोल लावण्याची सोय उरली नाहीं, ही कित्येकांस मोठीच अडचण वाटते!

आतां बाजारभाव. केंद्र सरकारच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाचें 'ॲगमार्कनेट' हें २००० सालापासून चाललें आहे. आपल्या राज्याच्या कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही रोजचे भाव असतात. कोष्टकांत आवक, कमींत कमी दर, जास्तींत जास्त दर व सर्वसाधारण दर असे रकाने असतात. बहुतेक शेतकरी जास्तींत जास्त दर पाहून गाडी भरतात, आणि बाजारांत गेल्यावर फसविलें म्हणतात. व्यापारी फसवीत नाहीं असें आमचें म्हणणें नव्हे. परंतु पुष्कळ वेळां फसगत रकान्यानें केलेली असते. समजा, एका दिवशीं १०० क्विंटल कांदा आला. त्यांतला निवडक ५ क्विंटल ३००० रुपयांनीं गेला, ८० क्विंटल १८०० नीं, आणि राहिलेला १५ क्विंटल कमी प्रतीचा ९०० नीं. जास्तींत जास्त दर ३००० लागेल व तोच तोंडोंतोंडीं होईल. पण बहुतांश माल ज्या दरानें गेला तो १८००. सर्वसाधारण दर म्हणतात तो हाच. सरासरी काढली तर १७२५ येते. ज्याचा माल चारचौघांसारखा आहे त्यानें १८०० धरून भाड्याचा हिशेब करावा.

आणखी दोन खुणा. एक, जातीचा रकाना पाहावा. लाल कांद्याचा भाव उन्हाळी कांद्यास लावून उपयोग नाहीं. दुसरी, एखाद्या दिवशीं एखाद्या बाजाराची ओळच नसते. त्यावरून बाजार बंद होता असें ठरवूं नये. बाजार समितीनें आंकडे कळविले नाहींत एवढाच त्याचा अर्थ असूं शकतो. आंकडा वर पाठविणारा कोणी तरी आमच्यासारखाच कारकून असतो, त्याचीही रजा असते.

रोजचा भाव पाहणें ही झाली लहान गोष्ट. हीच कोष्टकें पूर्वीं सांगितलेल्या केंद्राच्या संकेतस्थळावर उतरवून घेण्यास मिळतात, आणि तेथें संघानें करण्याजोगें खरें काम आहे. आपल्या आसपासच्या चार बाजारांचे गेल्या पांच वर्षांचे दर व आवक महिन्यावार मांडली, तर कोणत्या पंधरवड्यांत आवक कोठें चढते व भाव कोठें बसतो, हें सभासदांस डोळ्यांपुढें दिसेल. हें मोठ्या व्यापाऱ्यास आजच ठाऊक असतें, कारण त्याच्या पेढीवर हेंच करण्यास माणूस असतो. आपल्याकडे शाळा-कॉलेज शिकलेलीं, संगणकावर बोट चालणारीं मुलें घरोघर आहेत. एकास महिन्याचे दोन दिवस ह्या कामास द्यावयास सांगितलें, तर ह्याच मासिकांत एक पान दर अंकीं देतां येईल. त्याच मुलानें दर आठवड्यास 'आपली चावडी' उघडून आपल्या गांवांचे नवे फेरफार संघाच्या फळ्यावर लिहावे, आणि ज्यांचीं माणसें परगांवीं आहेत त्यांनीं तीं कळवावीं. कृषि खात्याच्या 'महारेन' ह्या संकेतस्थळावर मंडळवार पाऊस मिळतो, तोही लिहिला तर पीकविम्याच्या वादांत कामास येईल.

ज्यांच्याकडे मोबाईल नाहीं, किंवा आहे पण वाचतां येत नाहीं, त्यांचें काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उघडें दप्तर वाचणारास उघडें. न वाचणारास तें पूर्वींसारखेंच बांधलेलें. चावडीवरची नोटीस निदान चार जण मोठ्यानें वाचीत, पडद्यावरची ज्याची त्यानें वाचावी लागते. म्हणून फळ्याची गोष्ट आम्ही आग्रहानें मांडीत आहों.

आतां त्या बाईंचें. त्यांच्या वडिलांनीं मृत्युपत्र केलेलें नव्हतें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें अशा वेळीं लेक ही लेकाच्या बरोबरीची वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनें तर वडिलार्जित मिळकतींत तिला जन्मतःच लेकासारखा हक्क दिला आहे. तेव्हां बाजू स्वच्छ होती. प्रश्न दिवसांचा होता. प्रमाणित फेरफाराची प्रत, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आणि बाईंचा शाळा सोडल्याचा दाखला ज्यावर वडिलांचें नांव आहे, एवढे कागद जमविले. ह्या शेवटल्या कागदास तीन दिवस गेले, कारण शाळेचें जुनें रजिस्टर अजून रुमालांतच आहे. वकिलांनीं ५५ व्या दिवशीं प्रांत कचेरींत अपील दाखल केलें. भावांस नोटिसा गेल्या. धाकट्या भावानें बहिणीस निरोप धाडला कीं, आपल्यास अर्जांत काय लिहिलें होतें तें ठाऊक नव्हतें, सही तेवढी केली. तें खरें असेल, नसेल. सुनावणीची तारीख लागली आहे. बाईंचा मुलगा ती दर सोमवारीं मोबाईलवर पुन्हा पाहतो.